मित्राने घरी केलेल्या पिल्सनर बिअरला लोण्यासारखा वास येतोय. त्याला अभिप्राय कसा द्यावा?

जे जाणवलं तेवढंच आधी सांगा: ‘लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास येतो, जिभेवर तुळतुळीत थर राहतो.’ ‘भांडी नीट धुतली नाहीस’ हा निष्कर्ष लगेच काढू नका. हा वास बहुधा डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा असतो. बिअर आंबताना ते तयार होतं आणि शेवटी यीस्टच ते संपवतं. यीस्ट कमी पडलं किंवा बिअर घाईने थंड केली की ते मागे उरतं. म्हणून विचारा, आंबणं संपत आल्यावर तापमान १८-२० अंश सेल्सिअसवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवलं होतं का? पुढच्या वेळी बाटल्या भरण्याआधी ही चाचणी त्याने जरूर करावी:

- दोन ग्लासांत नमुने घेऊन झाकायचे.
- एक ६०-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा.
- दोन्ही सारखे गार करून हुंगायचे. कुठल्याही ग्लासात लोणी जाणवलं तर अजून थांबायचं.

सोबत आंबटपणाही असेल तर मात्र जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो. आणि बिअरची शैली विचारूनच दोष काढा: चेक लागर किंवा इंग्लिश बिटर या प्रकारांत हा वास किंचित चालतो, जर्मन पिल्सनरमध्ये अजिबात नाही.