सेवाभावी संस्थेच्या रॅपलिंगला येणाऱ्या पाहुण्यांकडून हमीपत्र लिहून घेतलं, तर संस्था जबाबदारीतून सुटते का?

नाही, सुटत नाही. तुमची संस्था निधीसाठी कड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचा कार्यक्रम, ठेवतेय, पाहुण्यांकडून 'काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही' एवढं लिहून घ्यायचं ठरलंय आणि तुम्हाला नमुना हवाय. नमुना देत नाही. दुसऱ्याच्या कार्यक्रमाचा कागद उचलून नाव बदलायचं, इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

'सही आहे ना, मग घाबरायचं कशाला?' हे वाक्य विश्वस्तांच्या बैठकांत इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न पाहून गप्प बसवेना. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या कार्यक्रमात झालं ते असं. हमीपत्रं पहाटे बसमध्ये वाटली, टॉर्चच्या उजेडात. मजकूर इंग्रजीत, पाहुण्यांत निम्मे आजी-आजोबा. एकाच पेनावर सह्या फिरल्या आणि एका काकांनी अख्ख्या कुटुंबाच्या सह्या स्वतःच ठोकल्या. कड्यावर एका ताईंची मोकळी वेणी फिगर ऑफ एटमध्ये, म्हणजे दोर अडवत उतरायच्या आठच्या आकाराच्या कडीत (डिसेंडरमध्ये), ओढली गेली. हा रॅपलिंगमधला सगळ्यात ठरलेला अपघात. केस, ओढणी, टी-शर्टचं टोक, काहीही जातं. मुख्य दोर खडकात ठोकलेल्या बोल्टला कायमचा बांधलेला, म्हणजे वरून ढिला करायची सोयच नव्हती. तो दोर लॉक केलेल्या पण सोडता येणाऱ्या पद्धतीने लावला असता, तर सेफ्टी दोर (उतरणाऱ्याला बांधलेला दुसरा दोर) वर पक्का करून मुख्य दोर सोडायचा, वजन सेफ्टीवर येतं, डिसेंडर मोकळा होतो, दोन मिनिटांचं काम. इथे सेफ्टी दोरावर वरून पुली लावून ताईंना इंच-इंच उचलावं लागलं. पुलीसुद्धा सॅकच्या तळाशी होती.

जीव वाचला. पण नंतर मंडळाने ते सह्यांचं बाड पुढे केलं. त्यात केस बांधण्याचा उल्लेख नाही, हेल्मेटचा नाही, उतरणार किती फूट हेही नाही. ताईंनी नक्की कोणता धोका पत्करला होता?

कायद्याचं थोडक्यात. दगड सुटणं, पाय घसरणं, आग्या मोहोळ उठणं हे त्या खेळातच असलेले धोके माणसाने समजून-उमजून स्वीकारले, एवढंच हमीपत्र दाखवू शकतं. तुमचा निष्काळजीपणा ते धुऊन काढत नाही. 'कोर्टात जाणार नाही' हे कलम तर भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २८ पुढे टिकतच नाही. निष्काळजीपणामुळे माणूस गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, ५ वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये २ होती. तो खटला सरकार चालवतं, पाहुण्याच्या सहीने तो माफ होत नाही. नोटरीचा शिक्का मारून आणि स्टॅम्प पेपरवर छापूनही यात काही फरक पडत नाही, ते पैसे दोरांवर घाला.

मुलं येणार असतील तर आणखी सावध. अठराखालच्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ठरवलंय. पालकांची सही घ्याच, कारण माहिती आणि परवानगी मिळते. पण मुलाचा भरपाईचा हक्क तिने जात नाही. १९९५ मध्ये पठाणकोटकडच्या एका शाळेची सहल ब्यास नदीवर गेली होती, १४ मुलं बुडाली. सोबतच्या शिक्षकांच्या हलगर्जीपणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेलाच जबाबदार धरलं आणि प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली.

आता कागद. तो नोंदणीच्या वेळी पाठवा, कार्यक्रमाच्या निदान आठवडाभर आधी, मराठीत. वाचून कुणी माघार घेतली तर शुल्क परत. कड्याची उंची, चढायला किती वेळ, मध्ये निसरडा टप्पा आहे का, सगळं आकड्यांत लिहा. धोके नावानिशी लिहा, 'इतर संभाव्य धोके' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. आरोग्याचे प्रश्न हो-नाहीचे नकोत. हृदयविकार, दमा, फिट, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, चालू गोळ्या आणि त्या सोबत आहेत का, असं एकेक विचारा. रक्तगट सगळे विचारतात. हॉस्पिटल तो पुन्हा तपासतंच. त्याऐवजी अशा नातेवाइकाचा नंबर घ्या जो त्या दिवशी कार्यक्रमाला आलेला नाही. फोटोची परवानगी वेगळ्या सहीने. प्रत्येक प्रौढाची सही स्वतःची.

आणि ते फॉर्म कुणीतरी वाचा! दमा लिहिलेल्या माणसाचा इनहेलर वर, दोर लावलेल्या जागी, कुणाकडे आहे, हे चढाईआधी ठरलं पाहिजे. फॉर्म भरून घेऊन न वाचणं हे फॉर्म नसण्यापेक्षा वाईट, कारण तुम्हाला माहीत होतं हे मग कागदावरच सिद्ध होतं. त्या फॉर्मांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मूळ प्रती किमान ३ वर्षं ठेवा, मुलांच्या तर ती १८ पूर्ण झाल्यावर पुढे ३ वर्षं.

संस्थेला खरं संरक्षण विमा देतो. समूह अपघात विमा पाहुण्यांसाठी आणि दायित्व विमा (भरपाईचा दावा आला तर) संस्थेसाठी, दोन्ही वेगळे. पॉलिसीतले अपवाद वाचा, गिर्यारोहण आणि साहसी खेळ बहुतेक वेळा तिथेच वगळलेले असतात. रॅपलिंग शब्दशः समाविष्ट करून घ्या आणि नावांची यादी निघण्याआधी कंपनीला पोचवा. आयत्या वेळी बसमध्ये चढलेला मेव्हणा त्या यादीत नसतो.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ज्यांच्याकडून दोर लावून घेणार त्यांची नोंदणी, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं आणि दोरांच्या वापराची वही मागा. 'धर्मादाय काम आहे, कोण विचारतंय' असं म्हणणारा खजिनदार प्रत्येक मंडळात असतो. त्याला विचारा, दोराला कळतं का तो धर्मादाय आहे ते?

देणगी आणि सहभाग शुल्क वेगळं ठेवा. शुल्क घेतलंत की ती सेवा झाली, ग्राहक कायदा लागू शकतो, आणि त्या रकमेची ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती देऊ नका. मोठे देणगीदार आणि प्रमुख पाहुणे यांनाही सही चुकत नाही. लांबलचक कागदाने देणगीदार बिचकतात, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याला सही नको त्याने खालून टाळ्या वाजवाव्यात, देणगीची पावती त्याला मिळेलच.

मी वकील नाही. अंतिम मसुदा अपघात-भरपाईची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा, घरांचे करार करणाऱ्याला नको. जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याची परवानगी आधी, हमीपत्र नंतर. आणि दोर नसलेली साधी पायवाट असेल तर एवढा पसारा नको: एक पानी माहिती, आरोग्याचे प्रश्न आणि नातेवाइकाचा नंबर पुरे.