पारसिकचा डोंगर नाइसचा घुमट असू शकतो का? असे घुमट पर्वतरांगांत वर येतात कसे?

पारसिक नाही, येऊरही नाही. ठाणे-नवी मुंबईतले हे डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे झिजून उरलेले थर. नाइस, म्हणजे खोलवर उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक, आपल्याकडे या लाव्हाच्या खडकाखाली, बेसाल्टखाली, गाडलेला आहे. कोयनेच्या खोल विंधनविवरांत तो लागला. पण तो जुना पाया, घुमट नव्हे.

घुमटाला खंडांची टक्कर लागते. टकरीत पृथ्वीचं कवच दुमडून ६०-७० किलोमीटर जाड होतं, खालचा भाग किरणोत्सर्गी उष्णतेने हळूहळू तापतो आणि साधारण ७०० अंशांच्या आसपास थोडा वितळू लागतो. हे 'थोडा'च महत्त्वाचं: काही टक्के द्रव झाला तरी खडकाची ताकद कोसळते आणि तो वाहू लागतो. शिवाय तो आजूबाजूपेक्षा हलका.

मात्र नुसत्या हलकेपणावर सगळं ढकलणारं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. वर जागाही हवी. ती वरचं कवच ताणून विभंगांवर (कवचातल्या भेगांवर) सरकलं की मिळते, किंवा नद्यांनी माथा खरवडला की. भार उतरला की दाब घटतो, आणि तापमान फारसं न उतरता दाब घटला तर आणखी खडक वितळतो. म्हणजे चढणंच पुढच्या चढण्याला मदत करतं. शेवटी गाभ्यात नाइस आणि वर शिस्ट या पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकाचं पांघरूण. हीच रचना फिनलंडच्या पेंटी एस्कोलांनी १९४९ मध्ये मांडली.

प्रत्यक्ष पाहायचा तर लडाखमधला त्सो मोरारी. तिथे कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्झचं प्रचंड दाबाखाली बनणारं रूप, सापडलं आहे, म्हणजे तो खडक ९० किलोमीटरच्या आसपास खोल जाऊन परतलेला. त्याचा सुरुवातीचा प्रवास मात्र वेगळा: भारतीय खंडाची कडाच आत ओढली गेली होती.