अकराच्या अकरा नावं लिही

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू उठून गेलीस, पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मंडळाच्या फुटबॉल संघाचा सुरुवातीचा इतिहास लिहायचं काम तू अंगावर घेतलंस आणि आठवड्याभरात तुझी पार त्रेधा उडाली. एक जण एक साल सांगतो, दुसरा दुसरं. 'तो' फायनलचा गोल मारलेला माणूस पेठेतल्या दर चार घरांआड एक निघतो. आणि ज्या फोटोत तुझे आजोबा उभे आहेत, त्याच्याखाली दोन नावं छापून पुढं 'व इतर' लिहिलंय. तू विचारलंस, "काका, मग आजोबा खेळले असं लिहायचं का नाही?"

याचं उत्तर एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. अकराच्या अकरा नावं लिही. जागेसकट लिही, म्हणजे मैदानात कोण कुठं खेळायचा त्यासकट. नाव मिळालं नाही तर जागा कोरी ठेव, पण 'व इतर' लिहू नकोस.

आधी सालाचा घोळ मिटवू, तो वाटतो तेवढा मोठा नाही. आपल्या कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी आधी तालीम होती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 ला खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत लाल मातीचे हौद गजबजले. त्याच तालमींच्या पोरांनी पुढं चेंडू पायात घेतला. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या सगळ्यांच्या नावात 'तालीम मंडळ' आहे ते त्यामुळंच. पुढं 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, म्हणजे आपली केएसए, आणि संघांची रीतसर नोंद व्हायला लागली. म्हणजे एकाच संघाला तीन सालं असू शकतात: तालमीचं, पोरं पहिल्यांदा संघ म्हणून मैदानात उतरली ते, आणि नोंदणीचं. तुला भेटलेले तिघंही खरं बोलत असतील. तिन्ही सालं लिही आणि कुठलं साल कशाचं ते सांग. सगळ्यात जुनं साल काढून संघाला चिकटवायचा आग्रह होईल, शेजारच्या पेठेपेक्षा आपण जुने हे दाखवायला. तिथं नमतं घेऊ नकोस.

आता नावांचं. तू पाठवलेली पहिली दोन पानं वाचली. 'वादळी खेळी', 'ढाण्या वाघ', 'मैदान दणाणून सोडले' हे सगळं त्यात आहे. गोलात कोण होतं, ते नाही. बॅकला कोण, ते नाही. अगं, दोन पानं लिहून एका संघाची यादी पुरी होत नसेल तर त्या पानांचं काय करायचं? फाडून टाक. राग मानू नकोस, पण फाडून टाक.

त्या काळचा खेळ समजून घे. गोलकीपरपुढं बचावाला दोन बॅक, मध्ये तीन हाफ, चढाईला पाच फॉरवर्ड. राईट आऊट, राईट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आऊट ही पाच माणसं पुढं. गोल त्यांच्याच पायातून व्हायचे, म्हणून पेपरात नाव त्यांचंच यायचं आणि खांद्यावर घेऊन मिरवणूकही त्यांचीच निघायची. मधले तीन हाफ मात्र दोन्हीकडं पळायचे. समोरच्या इनला धरायचं, चेंडू काढून घ्यायचा, आपल्या फॉरवर्डला द्यायचा आणि परत माघारी. मी राईट हाफला खेळलो, त्यामुळं मला हे ठाऊक आहे. कुणी म्हणेल, स्वतःचं नाव राहिलं म्हणून म्हातारा बोलतोय. माझं नाव छापून आलेलं आहे, मला त्याची भूक नाही. माझ्या शेजारी सेंटर हाफला जो खेळायचा, त्याचं कुठंच नाही, आणि तो माझ्यापेक्षा दुपटीनं चांगला होता. शिवाय त्या वेळी बदली खेळाडू नव्हता. विश्वचषकातसुद्धा ती परवानगी 1970 ला मिळाली. पाय मोडला तर दहा जणांनी सामना काढायचा. उतरलेले अकराच, आणि शेवटपर्यंतही तेच.

कलकत्त्याचं बघ. 29 जुलै 1911 ला तिथल्या मोहन बागान क्लबनं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. आधी गोऱ्यांचा गोल झाला, मग कर्णधार शिबदास भादुरीनं बरोबरी केली आणि शेवटी अभिलाष घोषनं विजयी गोल मारला. आपल्याकडं हे घडलं असतं तर या दोघांची नावं राहिली असती, बाकीचे 'व इतर'. तिथं मात्र गोलकीपर हिरालाल मुखर्जी, बॅक भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी, हाफ मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य, फॉरवर्ड कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, बिजयदास आणि शिबदास हे भादुरी बंधू, अशी अकराच्या अकरा नावं शंभरावर वर्षं टिकून आहेत. दहा जण अनवाणी होते आणि बूट एकट्या सुधीर चटर्जीच्या पायात होते, एवढंसुद्धा माहीत आहे. नावं होती म्हणून त्यांना 'अमर एकादश' म्हणता आलं.

इंग्लंडातला शेफिल्ड क्लब 1857 चा. त्यांनी सुरुवातीपासून हातानं लिहिलेले नियम आणि इतिवृत्तं जपली. 2011 साली ती कागदपत्रं लिलावात निघाली तेव्हा आठ लाख 81 हजार पौंडांवर किंमत आली. आपल्या मंडळाच्या जुन्या वह्या कुठं गेल्या ते विचार एकदा. एखाद्या गणपतीत मांडव साफ करताना रद्दीत गेल्या, असंच उत्तर येईल.

गुगलवर काही सापडत नाही म्हणून तू रडकुंडीला आलीस. कुणी लिहिलंच नाही तर सापडणार कुठून? करवीर नगर वाचन मंदिरात जा, ते 1850 पासूनचं आहे. जुन्या 'पुढारी', 'सत्यवादी'च्या फायली बघायला मिळतील का विचार. मंडळात कपाटावर शील्ड काळी पडून पडल्या आहेत, त्या खाली काढ. त्यांच्यावर चांदीच्या पत्र्याचे छोटे तुकडे ठोकलेले असतात, साल आणि स्पर्धेचं नाव कोरलेले. रांगोळी लावून घासायला जाऊ नकोस, अक्षरं झिजतात. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरव, ठसा उमटेल. 5 आणि 6 मध्ये गल्लत होते, म्हणून एकाला दोनदा ठसा घे.

फोटो नीट बघायला शीक. चेंडू वादी ओवलेला, म्हणजे आत ब्लॅडर घालून चामडं बांधायचा तसला असेल तर फोटो जुना. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा चेंडू घरोघरी ठाऊक झाला तो 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून. तसला चेंडू पुढं ठेवलेला असेल आणि खाली 1958 लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्यानं मागाहून अंदाजानं लिहिलंय असं समज. गोलकीपरचा अंगरखा वेगळा असतो, तिथून सुरुवात कर. मग कुणाच्या घोट्याला पट्टी आहे, कोण अनवाणी आहे, कुणाच्या मांडीवर कप आहे ते बघ. खेळलेला म्हातारा या खुणांवरनं बोलायला लागतो. "नावं सांगा" म्हटलं की गप्प बसतो. "हा पट्टीवाला कोण?" म्हटलं की तासभर थांबत नाही.

आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं उतरवू नकोस. कुणी सांगेल, 55 साली रेफरीनं आमच्या बॅकला रेड कार्ड दाखवलं. विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली तीच 1970 ला. म्हणून सांगणारा खोटारडा ठरत नाही. बॅकला बाहेर काढलेलं असेल, कार्ड मागाहून आठवणीत शिरलं. प्रसंग ठेव, कार्ड गाळ आणि साल पुन्हा तपास. एका नावाला निदान दोन माणसांचा दुजोरा घे, त्यातला एक समोरच्या संघाकडून खेळलेला असला तर सोन्याहून पिवळं. आपल्या बॅकनं कुणाला रोखलं ते आपल्या पेठेपेक्षा त्यांना जास्त लक्षात असतं. समोरच्या पेठेत जायला लाजू नकोस. ईर्ष्या मैदानात कितीही असू दे, जुने खेळाडू एकमेकांच्या दारात उठबस करतात. चहा पाजतील, वर जेवायला बसवतील.

तुझ्या पिढीचं नशीब बरं आहे. आपला अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून दिल्लीत खेळला. त्या सामन्यांत कोण उतरलं, कुणाला कितव्या मिनिटाला बदललं, हे जगात कुठंही बसून वाचता येतं. शाहू स्टेडियमवर गॅलरी ओसंडून जायची, त्या आपल्या जुन्या सामन्यांची अशी नोंद कुणी ठेवायची? फिफा नाही येणार इथं. तूच ठेवायचीस.

आता मंडळाचं. तुला कुणीतरी सांगितलं असेलच, नाहीतर माझ्याकडून ऐक. मागच्या स्मरणिकेच्या वेळी मी वहीत संघ गोळा केले होते, स्पर्धेनुसार, जागेसकट, कुणी सांगितलं त्याच्या नावासकट. छापताना म्हणाले, याद्यांनी पानं अडतात. पाहुण्यांच्या फोटोला अख्खं पान मिळालं, जाहिराती आल्या, आणि संघ आला तो एका परिच्छेदात, दोन स्टार आणि 'व इतर'. मी भर बैठकीतनं उठून आलो. वही परत मागितली तर मधली पानं सुटलेली, ती शेवटपर्यंत मिळाली नाहीत. तेव्हापासून मी तिकडं गेलो नाही. ताठर म्हणतात मला, घरचेसुद्धा म्हणतात. एवढ्या तेवढ्यावरनं जन्माची माणसं तोडली म्हणतात. मी आजही म्हणतो, बरोबर केलं. ज्यांनी पावसात चिखल तुडवला त्यांची नावं जाहिरातीसाठी कापायची, आणि आपण हार घालून घ्यायला व्यासपीठावर बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. सलतं एकच. त्या सुटलेल्या पानांवर ज्यांनी नावं सांगितली होती, त्यातले बरेच जण आता राहिले नाहीत. पुन्हा विचारायचं तर कुणाला?

म्हणून घाई कर. लीग सुरू व्हायच्या आत म्हाताऱ्यांना गाठ. एकदा सीझन लागला की सगळे स्टेडियमवर, मग जुनं कुणी बोलत नाही, काल पेनल्टी होती का नव्हती यावरच दिवस जातो. आजोबांचं नाव लिही, पण ते तुझे आजोबा आहेत म्हणून नको. दोन माणसांनी ओळखलं आणि जागा सांगितली म्हणून लिही. त्यांच्या शेजारी उभा आहे त्यालाही तेवढ्याच कष्टानं शोध. तो सापडला नाही तर आजोबांच्या नावाशेजारी कोरी जागा छापायला लाव. ती बघून त्याच्या घरचं कुणीतरी विचारत येईल.

माझी उरलेली वही तू घेऊन जा, झेरॉक्स काढ आणि मूळ वही मला परत दे. मजकूर मंडळापुढं ठेवशील त्या बैठकीची तारीख कळव. याद्यांना जागा नाही असं कुणी म्हणालं तर तू वाद घालू नकोस, तुझं वय लहान आहे, तुला गप्प बसवतील. मी येतो.

तुझा,
काका