गोडाऊनमागची पिल्लं, कोथरूडची कमिटी आणि विमानाचं तिकीट

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळ चिपळूणचा, गेली बरीच वर्षं शारजात एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. मागच्या बाजूला पॅलेट्सच्या ढिगाखाली एक कुत्री व्यायलीय, चार पिल्लं आहेत, महिन्याभराची असतील. आम्ही तिघंचौघं पाणी ठेवतो, उरलेली बिर्याणी घालतो. मॅनेजर म्हणतो म्युनिसिपालटीला बोलवा. दोनतीन शेल्टरना फोन केले, सगळीकडे फुल. मी शेअरिंगच्या खोलीत राहतो त्यामुळे स्वतः ठेवू शकत नाही, आणि सप्टेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग कायमचा गावी. आईला आणि एका पिल्लाला सोबत नेता येईल का? बाकीच्या तिघांचं काय करू?
– एक वाचक, शारजा

उत्तर : दादा, आधी बिर्याणी बंद करा. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो, शिजलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात, आणि तो मसाला दूध पाजणाऱ्या आईला नकोच. साधा भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन हाडं काढून, परवडलं तर पिल्लांचं कोरडं खाणं भिजवून. पाण्याचं भांडं जड घ्या आणि सावलीतच ठेवा, उन्हातलं पाणी तिकडे दुपारपर्यंत चटका बसेल इतकं तापतं. आणि हे सगळं कंपनीच्या कंपाउंडच्या आत, मॅनेजरला सांगून. बाहेर रस्त्यावर घालू नका, तिकडे त्यावर दंड होऊ शकतो आणि दंड झाला की मॅनेजरची उरलीसुरली सहानुभूतीही गेली.

शेल्टरवाले फुल म्हणतात ते खरंच असतं हो. उन्हाळ्यात शाळा सुटल्या की लोक नोकरी संपवून, व्हिसा संपवून निघतात आणि घरचं कुत्रं वाळवंटाच्या कडेला सोडून जातात, मग दर वर्षी जून-जुलैत हीच बोंब. म्हणून 'घेता का?' असं विचारूच नका. असं विचारा, की फॉस्टर (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणारं माणूस) मी शोधतो, तुम्ही लसीकरण आणि नसबंदीसाठी तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे सवलत द्याल का, आणि पिल्लांचे फोटो तुमच्या पेजवर टाकाल का. या प्रश्नाला 'हो' यायची शक्यता खूपच जास्त. उम्म अल क्वैनमधलं स्ट्रे डॉग्ज सेंटर आणि दुबईतलं के-नाइन फ्रेंड्स ही त्या भागातली जुनी माहितीतली नावं, तिथपासून सुरुवात करा. बऱ्याच संस्थांचं सगळं अडतं ते पिंजऱ्यांवर, त्यामुळे तुम्ही महिना-दोन महिने सांभाळणारं एक घर शोधून आणलंत तर तुमचा नंबर आपोआप वर येतो. ऑफिसातल्या अकाउंटंटपासून मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे विचारा, व्हिलात राहणारी माणसं बघा, फ्लॅटवाल्यांना घरमालकाची लेखी परवानगी आहे का ते आधी विचारा. 'मालक काही म्हणत नाही' हे उत्तर चालणार नाही. मालक बोलला की कुत्रं परत रस्त्यावर.

आता सगळ्यात घाईचं काम, आणि ते फुकट आहे. कुत्र्याचं पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांत जे बघतं, हाताळलं जातं, त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. या काळात माणसाचा हात लागला नाही तर ते कायमचं बुजरं होतं आणि बुजऱ्या कुत्र्याला कोणी घर देत नाही. तुमची पिल्लं ऐन त्या वयात आहेत. तेव्हा रोज थोडा वेळ जवळ बसा, आई जवळ येऊ देत असेल तर पिल्लं उचला, पंजे, कान, तोंड हाताळा, ट्रकचा आवाज, ट्रॉलीचा आवाज ऐकू द्या (तो गोडाऊनवर आहेच म्हणा). आई गुरगुरली तर मात्र जबरदस्ती नको, आधी तिला खाण्यावर विश्वासात घ्या. आठ आठवड्यांच्या आत पिल्लं आईपासून तोडू नका, कोणी कितीही गोड बोलून मागितलं तरी.

लसींचं असं, की पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीनचार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची तीन महिन्यांना. पार्वो एकदा शिरला की चारही जातात, म्हणून यात कंजुषी नको. पिल्लांचं दूध सुटलं की आईची नसबंदी. हे राहिलं तर पुढच्या हंगामात तुम्ही चिपळुणात आणि तिकडे त्याच पॅलेट्सखाली नवीन पिल्लं, आणि तेव्हा फोन करणारं कोणी नसेल.

जाहिरात टाकताना 'प्लीज सेव्ह देम, अर्जंट' वगैरे नको, त्याने लाइक मिळतात, घर मिळत नाही. कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवरून उजेडात काढलेला फोटो, नर की मादी, मोठं झाल्यावर अंदाजे केवढं होईल, लहान मुलांशी कसं वागतं, कशाला घाबरतं, हे खरं खरं लिहा. अमिरातीत कुत्र्याला मायक्रोचिप, रेबीजची लस आणि म्युनिसिपालटीत नोंदणी लागते, तर ती घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय पिल्लू सोडू नका. फार्मवर राखणीला हवंय म्हणणाऱ्यांना मी तरी नाहीच देणार. मे महिन्यात साखळीला बांधलेलं कुत्रं बघितलंय.

गावी न्यायचं विचारलंत. होतं, आणि तुमच्या बाबतीत तर नियमात बसतंय. दोन वर्षं किंवा जास्त सलग परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्या माणसाला भारतात दोन पाळीव प्राणी सोबत आणता येतात. सुट्टीवर येणाऱ्याला ही सवलत नाही. त्यासाठी भारताच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन खात्याची एनओसी आधी काढावी लागते, मायक्रोचिप, लसीचं पुस्तक, निघायच्या तोंडावरचं हेल्थ सर्टिफिकेट, आणि तिकडच्या मंत्रालयाचं एक्स्पोर्टचं सर्टिफिकेट. हे खातं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद अशा मोजक्या विमानतळांवर आहे, त्यामुळे गोव्याचं तिकीट काढू नका, मुंबईच धरा. वेळेचा हिशोब घट्ट आहे. पिल्लू आत्ता महिन्याचं, रेबीजची लस तीन महिन्यांना, त्यानंतर किमान महिना जाऊ द्यायचा, म्हणजे चार महिन्यांचं होईपर्यंत विमानाचं नावच नको. सप्टेंबर जमतो, पण सप्टेंबरातही तिकडे ऊन असतं आणि उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या जनावर घेत नाहीत, तेव्हा एअरलाइनशी आत्ताच बोला आणि क्रेट (प्रवासाचा पिंजरा) आत्ताच आणून त्यात पिल्लाला झोपायची सवय लावा. खर्च तुमच्या तिकिटापेक्षा जास्त होईल हे मनाशी धरूनच चाला.

एक विचारते, रागावू नका. गावी घरात ठेवणार आहात ना? की वाडीत सोडणार? शारजाची कुत्री चिपळूणच्या गल्लीत सोडली तर तिथली टोळी तिला चार दिवस टिकू देणार नाही. घरचे तयार नसतील तर आईला कंपनीच्या कंपाउंडात नसबंदी-लस करून, तिथे मागे राहणाऱ्या एका माणसाच्या नावाने सोपवून या. तुमचे ते तिघंचौघं आहेत ना, त्यातला एक आत्ताच ठरवा.

प्रश्न : आई कोथरूडला एकटी असते, वय ७१. सोसायटीच्या गेटपाशी पाच कुत्र्यांना रोज खायला घालते. आता कमिटीने तिला नोटीस दिलीय, दंड लावू, कुत्री उचलून नेऊ म्हणतात. मी न्यू जर्सीत, माझा आणि नवऱ्याचा अमेरिकन पासपोर्ट. पैसे पाठवायची तयारी आहे पण पाठवू कुणाला? आणि कायदा नक्की काय?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : कायदा म्हणजे २०२३ चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल रूल्स. त्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून देणं हे सोसायटीचंच काम आहे असं लिहिलंय, आणि ती जागा लहान मुलं खेळतात तिथे, जिन्यात, येण्याजाण्याच्या दारात नसावी हेही त्यातच आहे. म्हणजे आईंचं गेटपाशी घालणं नियमाला धरून नाही आणि कमिटीचं 'उचलून नेऊ' हेही नाही. दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यायचंय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्लीतली कुत्री शेल्टरात टाका म्हटलं होतं, मग २२ ऑगस्टला ते बदललं, नसबंदी-लस करून त्याच भागात सोडा, रेबीज झालेली आणि हिंसक कुत्री वगळता. खायला घालायच्या जागा ठरवून द्या हेही त्याच आदेशात. मग नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हलवायला सांगितली. सोसायटी त्या यादीत येत नाही, पण शेजारी शाळा असेल तर आईंना भांडायला लावू नका, जरा बघून घ्या.

पाचही कुत्र्यांचे कान बघायला सांगा. नसबंदी झालेल्याच्या कानाला खाच असते. ज्यांना नाही त्यांच्यासाठी महापालिकेकडे तक्रार-अर्ज करायचा, किंवा घाई असेल तर खाजगी डॉक्टर. मग पाचही जणांची फोटोसकट एक फाईल, लसीची तारीख, नसबंदीची तारीख, आणि ती कमिटीच्या हातात. मी बघितलंय, अर्धी कमिटी तिथेच गप्प होते, कारण त्यांची खरी भीती चावण्याची असते आणि त्याचं उत्तर कागदावर असतं. वेळही ठरवून घ्या, सकाळी लवकर आणि रात्री वर्दळ संपल्यावर, घातलेलं भांडं उचलून जागा धुऊन. हे आईंच्या गुडघ्यांना झेपत नसेल तर महिन्याच्या पगारावर एखादी मुलगी ठेवा, हा पैसा सगळ्यात सत्कारणी.

पैशांचं ऐका. तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे म्हणजे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलात तरी तुमची देणगी 'परदेशी' धरली जाते, आणि ती घ्यायला इथल्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. छोट्या संस्थांकडे ती बहुतेक नसते आणि तुमच्या चांगुलपणाने त्या अडचणीत येतात. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयने बँकेतून पाठवलेल्या पैशाला ही अट नाही. तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे देणगी न देता डॉक्टरचं बिल थेट डॉक्टरला भरणं. कुत्र्याचा फोटो, केसपेपर, बिल, मग पैसे. 'अर्जंट ऑपरेशन, आत्ता पाठवा' असे मेसेज परदेशातल्यांनाच जास्त येतात, त्यात एकच फोटो वेगवेगळ्या शहरांतून फिरत असतो.

आणि आईंनी रेबीजची आगाऊ लस घ्यावी का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, रोज कुत्र्यांत असतात म्हणून म्हणते. चावलं, ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : कोल्हापूरला सुट्टीत एक लंगडी इंडी (आपली देशी कुत्री) भेटली, तिला ब्रॅम्प्टनच्या माझ्या मैत्रिणीने दत्तक घ्यायचं ठरवलंय. मी परत जाताना माझ्याबरोबर नेऊ का? सगळे म्हणतात माझंच कुत्रं म्हणून सांग.

उत्तर : नका नेऊ. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तक द्यायला आणलेली कुत्री कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद केलीयत, भारत त्या यादीत आहे, आणि मैत्रिणीसाठी नेणं हे दत्तकातच मोडतं. खोटं सांगून पकडलं गेलं तर कुत्री विमानतळावरून परत, आणि ते तिलाच भोगायचं. मैत्रिणीला खरंच करायचं असेल तर तिने कोल्हापुरातच घर शोधायला पैसे आणि वेळ द्यावा, पायाचा एक्स-रे, नसबंदी, आणि बरं होईपर्यंत फॉस्टरचा खर्च. लंगड्या कुत्र्यांना घरं मिळतात हो, अंगण असलेली म्हातारी जोडपी बघा, त्यांना फार पळणारं कुत्रं नकोच असतं. (अमेरिकेचेही नियम ऑगस्ट २०२४ पासून कडक झालेत, सहा महिन्यांखालचं कुत्रं आत येतच नाही, त्यामुळे 'मग न्यूयॉर्कमार्गे' असले सल्लेही ऐकू नका.)

प्रश्न : सिंगापूरला एचडीबी (सरकारी गृहनिर्माण) फ्लॅट आहे, भारतातून इंडी आणायचा विचार आहे. चालेल?

उत्तर : एचडीबीत एकच कुत्रं, तेही ठरलेल्या जातींपैकी. मिश्र जातीचं घ्यायचं तर प्रोजेक्ट अडोअर या तिथल्या दत्तक योजनेतून, खांद्यापर्यंत उंची ५५ सेंटिमीटरच्या आत, आणि ट्रेनिंग करावं लागतं. तुमच्याच बेटावर रस्त्यावरची कुत्री आहेत, सिंगापूर स्पेशल म्हणतात त्यांना, २०१८ पासून त्यांना पकडून नसबंदी करायचा कार्यक्रम चालू आहे आणि माणसाळलेल्यांना संस्था घरं शोधतायत. दिसायला आपल्या इंडीसारखीच असतात. त्यातलं घ्या.