देह न आलेल्या घरात

प्रश्न: मी टोरांटोत राहते. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. तांबड्या समुद्रात जहाजावर हल्ला झाला, तेव्हापासून तो बेपत्ता आहे. कंपनीने शोध थांबवलाय. गुहागरजवळच्या आमच्या घरी आई अजून त्याचं ताट वाढते. भावकी म्हणते, पालाशविधी (देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून होणारे अंत्यसंस्कार) उरकून घ्या. वहिनी तर बोलतच नाही. इथून मी काय करू?

उत्तर: ताई, भावकीला विधीची घाई आहे, कंपनीला सह्यांची, आणि तुम्हाला, राग मानू नका, आईने एकदाचं मान्य करावं याची. तिघांनीही जरा थांबा.

देह न सापडलेल्या माणसाचं दुःख वेगळं असतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने 1970च्या दशकात ते नेमकं ओळखलं. ‘तो गेला’ आणि ‘तो येईल’ ही दोन्ही एकाच मनात नांदतात, आणि ते वेडाचं लक्षण नाही. म्हणून ताट वाढलेलं दिसलं तर ‘आई, आता पुरे’ म्हणू नका; ‘येईल गं’ असंही नको. त्याच्याबद्दल बोलू द्या. पालाशविधी कधी करायचा, करायचा की नाही, हे आई आणि वहिनी ठरवतील. चुलत्यांनी नव्हे.

तुमचा भाऊ सैनिक नव्हता, हेही मध्ये येतंच. जवान गेला की तिरंगा येतो, सलामी होते, शाळेची पोरं रस्त्यावर उभी राहतात. खलाशाच्या घरी कंपनीचा मेल येतो. दुसऱ्यांच्या लढाईत गेलेल्याला काय म्हणावं, हे गावालाही कळत नाही. खरं तर आपल्या किनाऱ्याला हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये आहे, आणि त्या काळी जहाजांवर रत्नागिरीकडची माणसं बरीच असत.

मला जास्त काळजी वहिनीची वाटते. कुंकू लावलं तर एक बाई बोलते, पुसलं तर दुसरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला; तो मोबाइलवर पाठवून भावकीला वाचायला लावा. भेटायला येणारी माणसं ‘नेमकं झालं काय?’ म्हणत तिच्याकडून तीच हकीकत पुनःपुन्हा वदवून घेतात. हे थांबवायलाच हवं. झालेलं सगळं बोलून टाकायला कुणालाही भाग पाडू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. फोनवर तुम्हीही तेच करत नाही ना, बघा. गप्प राहायचं असेल तर राहू द्या, पण फोन ठेवू नका.

सहा महिने उलटूनही झोप, जेवण, घरचं काम काहीच रुळावर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भारतात मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो वहिनीच्या फोनमध्ये घालून द्यायला शेजारच्या मुलाला सांगा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव काढलं की घरात कुजबुज होईल, होऊ द्या.

कंपनीशी पत्रव्यवहार मात्र तुम्ही स्वतःकडे घ्या. हे टोरांटोत बसून नीट जमतं. सागरी कामगार करार, 2006 नुसार खलाशाच्या मृत्यूच्या भरपाईसाठी जहाजमालकाला आर्थिक हमी ठेवावी लागते. पण मृत्यू कागदावर सिद्ध व्हावा लागतो, आणि सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्यालाच कायदा मृत धरून चालतो. त्याआधी पुरावा कसा मांडायचा हे वकिलाला विचारा. तोवर ‘आमचा आणखी काही दावा नाही’ अशा कागदावर वहिनीची सही होऊ देऊ नका.

आणि एकच सुट्टी मिळणार असेल तर विधीला येऊ नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. तीनेक महिन्यांनी या, मुंबईकर परतलेले असतील. आईला काकूंकडे बसवून वहिनीला घेऊन एकदा रत्नागिरीला जाऊन या.