पायाला प्लास्टर घातलेल्या रुग्णात पहिले दोन दिवस काय बघायचं?

थोडी सूज येणारच. पाय उशीवर उंच ठेवा, बोटं हलवायला लावा. दर तासाला नख दाबून सोडा. रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. ओलं प्लास्टर तळहातांवर उचला, बोटांनी खड्डे पडले की आत जखम होते.

खरी भीती वेगळीच. गोळीने न थांबणारी, बोटं हलकेच ताणली की असह्य होणारी कळ म्हणजे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतोय. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती बऱ्याच उशिरापर्यंत लागते! अशा वेळी पाय हृदयाच्या पातळीला आणा (उंच ठेवल्यास रक्तपुरवठा आणखी घटतो) आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. प्लास्टर आतल्या कापसासकट कापावं लागतं. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात.