पाहुणा राहू नकोस

बाळा,

काल रात्री पाऊण तास बोललास आणि शेवटी "जाऊ दे काका, बघू" म्हणून फोन ठेवलास, मला नंतर झोपच लागली नाही. अभ्यास कर, मन घट्ट कर वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुला कळतं. तुझा प्रश्न एवढाच की रूममेट त्याच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांच्या, फ्रॅटर्निटीत (तिकडच्या अमेरिकन कॉलेजातलं मुलांचं भाऊबंद मंडळ) ये म्हणतोय पण "मी लॅटिनो नाही, मग मी तिथे कोण?", तिकडे त्या जुन्या फ्रॅटर्निटीच्या खांबवाल्या मोठ्या हाऊसनेही बोलावलंय, आणि देसी मुलं रुसतील ती वेगळीच.

माझं उत्तर एकच आहे. कुठेही जा, पाहुणा म्हणून जाऊ नकोस.

खांबवाल्यांचं आधी संपवतो. तूच सांगितलंस की त्यांनी तुला कुर्ता घालून यायला लावलं, फोटो काढून इन्स्टावर टाकला, आणि नंतर संध्याकाळभर तुझ्याशी बोलले दोघंजण, तेही बिर्याणीबद्दल. अरे मग यात विचार कसला करतोयस? त्यांना पाहुणा हवाय, फोटोपुरता. या जुन्या फ्रॅटर्निटींपैकी कितीतरींच्या नियमांत एकेकाळी सरळ लिहिलेलं असायचं की सभासद गोराच पाहिजे. ती कलमं दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू गेली, पण कलम गेलं म्हणून सवय जात नाही. अलाबामा विद्यापीठात 2013 साली विद्यार्थ्यांच्याच पेपरने छापलं की सोरोरिटीतल्या, म्हणजे मुलींच्या तशाच मंडळातल्या, मुली तयार असूनही जुन्या सभासद बायका काळ्या मुलीला आत येऊ देत नाहीत, तेव्हा कुठे बोंबाबोंब होऊन दारं उघडली. 2013, बाळा, तू तेव्हा शाळेत होतास.

आता तुझ्या रूममेटकडे बघ. आयोवातल्याच स्टॉर्म लेक गावचा पोरगा, बाप मांसाच्या कारखान्यात, घरातून कॉलेजला आलेला पहिलाच. हे लोक पाहुणे म्हणून राहायला कंटाळले म्हणून त्यांनी स्वतःचं उभं केलं. 1898 मधे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, रेन्सेलर पॉलिटेक्निकमधे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुलांनी उनिओन इस्पानो अमेरिकाना नावाची संघटना काढली, त्याच मुळातून 1931 ला फाय आयोटा अल्फा झाली. 1975 च्या डिसेंबरात न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात लॅम्डा थीटा फाय. आणि तुझ्याच आयोवात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, 1986 साली सिग्मा लॅम्डा बीटा. यातल्या बऱ्याच जणी लॅटिनो नसलेल्यांनाही घेतात, आधीपासून, त्यामुळे "मी कोण" हा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही, तुलाच पडलाय. त्यांना पडलेला प्रश्न वेगळा असतो, शनिवारी खुर्च्या कोण लावणार.

हे मला कसं माहीत ते सांगतो, तुझ्या बाबांनाही मी कधी बोललो नाही.

1996 चा डिसेंबर, मी न्यू जर्सीत शिकत होतो. माझे मित्र प्वेर्तो रिकोचे आणि डोमिनिकन, त्यांचं हाऊस वगैरे काही नव्हतं, एकाच्या आजीच्या स्वयंपाकघरात सगळे जमलेले, विकून पैसे उभे करायला पास्तेलेस करत होते. हिरवी केळी किसायची, त्यात याउतियाचा कंद, मधे मांसाचं सारण, केळीच्या पानात गुंडाळून वरून कागद आणि दोन दोनचे जोड सुतळीने बांधायचे. पानाचा तो वास आला आणि मला आजीची पानगी आठवली, डोळ्यात पाणी आलं, आणि तरी मी काय केलं, स्टुलावर बसून खाल्लं. दोन वर्षं मी असंच खाल्लं, नाचलो, त्यांच्या स्ट्रोलला, म्हणजे रांगेने करायच्या नाचाला, टाळ्या वाजवल्या. त्या रात्री एकाने सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, पकड, आणि पुढच्या सेमिस्टरला ये आमच्यात, आम्ही चारच उरलोय. मी म्हणालो, बघू.

तुझ्या तोंडून काल तोच शब्द ऐकला.

दीड वर्षाने ते चॅप्टर, म्हणजे त्यांची आमच्या कॉलेजातली शाखा, बंद पडलं. पाहुणे भरपूर होते, सुतळी धरणारी माणसं चार. आता मी म्हणू शकतो की माझ्या बाबांची नोकरी गेली होती, मी रात्री पेट्रोल पंपावर काम करत होतो, ड्यूज, म्हणजे वर्गणी, भरायला पैसे नव्हते, आणि हे सगळं खरं आहे, मी काही पळून गेलो नाही, घराचं भाडं त्या पगारातून जात होतं. पण दर शनिवारी दोन तास होते माझ्याकडे. तेवढे होते. त्यानंतर मी ठरवलं आणि आजपर्यंत पाळलं, मंडळाच्या गणपतीला वीस वर्षं मी शेवटची पातेली घासून घरी जातो, तुझी काकू चिडते, चिडू दे, पण मला कुठे पाहुणा होऊन बसायचं नाहीये.

देसी मुलांचं म्हणशील तर त्यांच्याही फ्रॅटर्निटी आहेत, 1998 ला ऑस्टिनमधे डेल्टा एप्सिलॉन साय निघाली, चांगलं काम करतात. तिकडे जावंसं वाटलं तर जा, मी अडवत नाही. पण आडनावं ओळखीची आहेत म्हणून जाऊन नुसता बसणार असशील तर तिथेही पाहुणाच.

आईला रॅगिंगची भीती वाटते आणि ती चुकीची नाही. लॅटिनो असो, गोरे असो, कुणीही रात्री अपरात्री उठवलं, दारू पाजली, हात लावला तर त्याच क्षणी उठून चालू लाग, भाऊबीऊ काही ऐकू नकोस. 2024 च्या डिसेंबरात कायदा झालाय, हेझिंगमधे, म्हणजे रॅगिंगमधेच, दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आता कॉलेजला जाहीर करावी लागतात, तुझ्या कॉलेजच्या साइटवर बघ, आजच बघ. नाव सापडलं तर विषय संपला.

नसेल तर येत्या शनिवारी तुझ्या रूममेटच्या मंडळाचा तामालेसचा (मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले) स्टॉल आहे म्हणालास ना? सुरू व्हायच्या दोन तास आधी जा. तू खात नाहीस ते खाऊ नकोस, चीज आणि मिरचीचे असतात. आईशी मी बोलतो, रविवारी फोन कर, आणि कुणाबरोबर टेबलं उचललीस ते सांग.

तुझा काका